जिंजीचा वेढा : वेढा घालणारेच वेढले जातात तेव्हा

१/ सप्टेंबर १६९०. तमिळ प्रदेशातील जिंजी किल्ल्यासमोर मोगल सरदार झुल्फिकारखान येऊन ठेपला. आत छत्रपती राजाराम महाराज होते. आदल्याच वर्षी याच खानाने रायगड घेतला होता. येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या कैदेत होते. आता छत्रपतीही हाती लागले असते, तर स्वराज्याला धनी उरला नसता.

२/ राजगिरी, कृष्णगिरी व चंद्रायणदुर्ग हे तीन डोंगर तटबंदीने जोडलेला हा विस्तीर्ण किल्ला शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये जिंकला होता. त्याची सर्व बाजूंनी कोंडी करण्यास खानाचे सैन्य अपुरे पडले.

३/ कोणत्याही वेढ्यात एकच प्रश्न निर्णायक असतो : धान्य आधी कोणाचे संपते? आतल्यांजवळ भरलेली कोठारे असतात. बाहेरच्या छावणीला मात्र हजारो माणसांचा शिधा आणि जनावरांचा दाणावैरण दुरून आणावा लागतो. रसदेची वाट हेच तिचे मर्मस्थान.

४/ डिसेंबर १६९२ मध्ये संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांनी नेमका तेथेच घाव घातला. संताजींनी कांचीपुरमचा फौजदार अलीमर्दानखान यास कैद केले. धनाजींनी वेढ्यातील इस्माईलखान मका यास पकडले.

५/ छावणीची रसद तुटली, बादशाही डाक थांबली. औरंगजेब वारल्याची अफवा पसरली. शाहजादा कामबक्षाने राजाराम महाराजांशी गुप्त संधान बांधले. तेव्हा वजीर असदखान व त्याचा पुत्र झुल्फिकारखान यांनी खुद्द शाहजाद्यालाच नजरकैदेत टाकले.

६/ जानेवारी १६९३ मध्ये खान वेढा उठवून वांदिवाशला हटला. किल्ल्याचा तट न ओलांडताच मराठ्यांनी छावणी मोडली होती.

७/ पुढे वेढा पुन्हा पडला. दरम्यान राजाराम महाराजांशी बेबनाव होऊन संताजी १६९७ मध्ये मारले गेले. १६९८ च्या प्रारंभी जिंजी पडली आणि राजपरिवारातील स्त्रिया मोगलांच्या हाती सापडल्या. महाराज मात्र आधीच निसटले होते. वेल्लोरमार्गे ते महाराष्ट्रात परतले.

८/ मोगलांची एक मोठी फौज सात-आठ वर्षे दक्षिणेत गुंतून पडली. त्याच काळात इकडे रामचंद्रपंत अमात्य व शंकराजी नारायण यांनी प्रतिकार संघटित केला. खानाला अखेर किल्ला मिळाला. त्याच्या मोबदल्यात मराठ्यांनी ही वर्षे मिळवली होती, आणि स्वराज्य त्यांवरच तगले.