हिरव्या चटईचं कूळ

परसातल्या कोर्टावर अंथरतात ती टर्फ दिसायला गवत असली, तरी कुळाने पलंगपोसातली आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या डाल्टन गावी 1895 साली कॅथरीन इव्हान्स या जेमतेम पंधरा वर्षांच्या मुलीने लग्नाच्या आहेरासाठी एक पलंगपोस केला. कापडातून जाड सूत आरपार ओवायचं, वर आलेले टाके कात्रीने कापून त्यांचे गोंडे करायचे आणि सगळं कापड उकळत्या पाण्यात टाकायचं. कापड आटतं आणि गोंडे घट्ट धरून बसतात. गावातल्या बायकांनी ही कला उचलली, पुढे तिची यंत्रं झाली, यंत्रांवर गालिचे निघू लागले आणि डाल्टन ही गालिच्यांची राजधानी झाली. आजची टर्फ याच रीतीने बनते. सुताच्या जागी पॉलिएथिलीनची पाती आली आणि उकळत्या पाण्याचं काम लॅटेक्सचा लेप करतो. दुकानात टर्फचा नमुना हाती आला की आधी उलटा करावा. टाक्यांच्या सरळ रांगा, त्यांवर चढवलेला लेप, पाणी जायला पाडलेली भोकं, सगळं स्पष्ट दिसतं. माल कसा आहे ते पोटापेक्षा पाठ जास्त सांगते.

गवताचं सोंग मात्र शहरातल्या पोरांसाठी घेतलं गेलं. 1950 च्या दशकात फोर्ड फाउंडेशनला वाटू लागलं, की शहरातली मुलं खेड्यातल्या मुलांपेक्षा शरीराने मागे पडताहेत, कारण त्यांना पळायला जागाच नाही. त्या काळजीतून मोन्सँटो कंपनीच्या लोकांनी नायलॉनचं गवत तयार केलं आणि 1964 साली ते प्रॉव्हिडन्स शहरातल्या मोझेस ब्राउन शाळेत अंथरलं. नाव होतं केमग्रास. ते गाजलं मात्र ह्यूस्टनमुळे. तिथे 1965 मध्ये ॲस्ट्रोडोम हे छत असलेलं प्रचंड स्टेडियम उघडलं. छताच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या उजेडाने खेळाडूंचे डोळे दिपायचे, उंच उडालेला चेंडू दिसेना. म्हणून तावदानं रंगवली, तर उजेडावाचून खालचं खरं गवत मेलं. उरलेला हंगाम मेलेल्या गवताला हिरवा रंग फासून काढला आणि 1966 मध्ये तिथे केमग्रास आलं. तेव्हापासून त्याचं नाव ॲस्ट्रोटर्फ.

आपल्याला हे नाव हॉकीने शिकवलं, तेही फार महागात. 1975 साली क्वालालंपूरला विश्वचषक जिंकलेला भारत पुढच्याच वर्षी मॉन्ट्रियल ऑलिंपिकच्या कृत्रिम मैदानावर सातवा आला.

घरच्या अंगणातल्या कोर्टाची गोष्ट वेगळी. 1969 साली मेक्सिकोतल्या अकापुल्को इथे एनरिके कोर्कुएरा यांनी घराशेजारच्या अपुऱ्या जागेत भिंती घालून टेनिसचा एक धाकटा भाऊ जन्माला घातला. तोच पॅडल. त्याचं कोर्ट 20 मीटर लांब, 10 मीटर रुंद. आज ते बहुधा वाळू भरलेल्या टर्फचंच असतं. परसासाठी हे माप अगदी बेताचं आहे.

पण खेळाला अंथरूण घालायची कल्पना आपल्याकडे परकी नव्हती. मुरमाच्या खेळपट्टीवर काथ्याचं मॅटिंग ताणून, कडेने खिळे ठोकून कितीतरी गावांनी क्रिकेट खेळलं. मॅटिंगवर चेंडू कसा उठणार हे खालचा मुरूम कसा दाबलाय यावर ठरायचं, आणि हे शाळेतल्या पोरालाही कळत होतं. कुस्तीच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत आजही माती आणि गादी असे दोन विभाग असतात. टर्फवाल्या नव्या पिढीने मॅटिंगवाल्यांचा हा धडा पहिल्यांदा घ्यावा असं मला कळकळीने वाटतं, कारण बहुतेक कोर्टं बिघडतात ती खालून.

पारनेर तालुक्यातल्या सुप्यात तर हा धडा जागेवरच उपयोगी पडतो. हा तालुका पर्जन्यछायेतला. 200 चौरस मीटरची हरळी उन्हाळ्यात हिरवी ठेवायची, तर दिवसाला 5 मिलिमीटरच्या हिशेबाने हजार लिटर पाणी लागेल. ज्या भागात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हे पाणी खेळावर घालणं पटत नाही. टर्फचा सगळ्यात मोठा फायदा तोच. मात्र परसात काळी माती असेल तर ती काढलीच पाहिजे. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वरचा पृष्ठभाग लाटांसारखा होतो. माती काढून मुरूम भरावा, पाणी मारून रोलर फिरवावा, त्यावर खडी, त्यावर बारीक कच, आणि प्रत्येक थराला पुन्हा दाब द्यावा. दर मीटरला एक सेंटिमीटर ढाळ पुरतो. मग टर्फच्या पट्ट्या, खालून सांधपट्टी आणि गोंद, सगळ्या पात्यांचा कल एकाच दिशेला, आणि शेवटी कोरडी सिलिका वाळू झाडूने पात्यांत बसवायची. वाळूच्या वजनाने टर्फ जागेवर राहते आणि पाती उभी राहतात. सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावरच्या पवनचक्क्या ज्या वाऱ्यावर फिरतात, तोच वारा तुमच्या कोर्टावर धूळ आणून टाकणार. ती साठली की भोकं बुजतात, म्हणून ताठ केसांचा ब्रश घरात हवाच.

एक दोष मात्र या कुळाला जन्मापासून आहे. खरं गवत पाणी सोडून स्वतःला थंड ठेवतं, प्लास्टिकला ते येत नाही. भर उन्हात टर्फचा पृष्ठभाग 60 ते 70 अंशांपर्यंत तापतो. अनवाणी पोरांना दुपारी त्यावर सोडू नये. जुन्या टायरांचा काळा रबरचुरा भरला तर ताप आणखी वाढतो. शिवाय तो चुरा पावसाबरोबर वाहून जातो. युरोपीय संघाने 2023 मध्ये नियम करून अशा भरावाची विक्री 2031 पासून बंद करायचं ठरवलंय. तेव्हा ठेकेदार रबर स्वस्तात देतो म्हणाला तरी घरच्या कोर्टात वाळूच भरून घ्या. आणि पैसे कमी पडत असतील तर टर्फ हलकी घ्या, पण मुरमाचा आणि रोलरचा खर्च कापू नका. टर्फ पुढे बदलता येते. खालचा थर चुकला तर सगळं कोर्ट उखडावं लागतं.