आजोबांची चाळिशी आणि वोलास्टनची मेणबत्ती

फोटो धूसर आला की पहिला संशय फोटो काढणाऱ्यावर जातो. हात हलला असेल, फोकस चुकला असेल, नवशिका असेल... पण फिल्मच्या जमान्यात कागदावरच्या प्रत्येक मोठ्या फोटोमागे एक नाही, दोन लेन्स असायच्या. एक कॅमेऱ्याची, जिचं कौतुक सगळे करायचे. आणि दुसरी एन्लार्जरची, जिच्याकडे कुणी ढुंकून बघायचं नाही. आजची गोष्ट या दुसरीची आहे.

एन्लार्जर म्हणजे ढोबळमानाने उलटा टांगलेला प्रोजेक्टर. वर दिवा, त्याखाली निगेटिव्ह, त्याखाली लेन्स, आणि खाली फळीवर फोटोचा कागद. कल्पना जुनीच. १८५७ साली बाल्टिमोरच्या डेव्हिड वुडवर्डने 'सोलर कॅमेरा'चं पेटंट घेतलं, तेव्हा दिव्याच्या जागी चक्क सूर्य होता! आरशाने ऊन आत घ्यायचं आणि सूर्य सरकला की आरसाही सरकवायचा. कागद इतके मंद होते की एक फोटो मोठा करायला तास न् तास जायचे. पुढे जलद ब्रोमाइड कागद आले आणि घरातल्या दिव्यावर काम भागायला लागलं. तरी बरेच लोक मोठी निगेटिव्ह कागदाला चिकटवून तेवढ्याच आकाराचा फोटो काढत.

खरा बदल १९२५ साली झाला. लाइपझिगच्या जत्रेत लायका कॅमेरा लोकांपुढे आला. ऑस्कर बार्नाकचं म्हणणं साधं होतं, निगेटिव्ह लहान ठेवा, फोटो मोठा करा. निगेटिव्ह २४ बाय ३६ मिलीमीटर, म्हणजे पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढी. तिचा ८ बाय १० इंची फोटो करायचा तर सात-आठ पट वाढवायला हवं. म्हणजे तेव्हापासून दुसऱ्या लेन्सशिवाय पानही हलेना. आणि तिथे कॅमेऱ्याची लेन्स लावून काम भागत नाही, कारण ती दूरचं बघायला बनवलेली असते. एन्लार्जरच्या लेन्सला वीतभर अंतरावरून एक सपाट निगेटिव्ह तितक्याच सपाट कागदावर चारही कोपऱ्यांसकट नेमकी उतरवायची असते. काचा कशा बसल्यात यातला जरासा फरकही लगेच दिसतो.

मी या भानगडीत पडलो तो आजोबांच्या अल्बममुळे. १९७२च्या दुष्काळात आजोबा माणदेशात ओव्हरसिअर होते. खडी फोडायची कामं, सुकडीचं वाटप, मिलोची पोती, पगाराच्या दिवशी लागलेल्या बायकांच्या रांगा हे सगळं त्यांनी टिपलंय, आणि पुण्याला आल्यावर न्हाणीघरात काळे पडदे लावून स्वतःच्या हाताने छापलंय. पण १९८८च्या सुमारास त्यांनी डार्करूम बंद केली. का, तर "चाळिशी लागली, फोकस जमेना." घरात हे इतक्या वेळा ऐकलंय की ते सत्यच झालेलं होतं. आजोबांचा जन्म १९४७चा, हिशोबही बरोबर बसतो.

आता आजोबांना एक चांगली सवय होती. प्रत्येक फोटोच्या मागे ते छापल्याची तारीख लिहीत. (लॉग ठेवणारी माणसं मला भयंकर आवडतात.) एका रविवारी अल्बम चाळताना दहिवडीजवळच्या कामावरचा एकच फोटो दोनदा सापडला. एक प्रत १९७४ची, दुसरी १९८७ची, निगेटिव्ह तीच. पहिल्या प्रतीत उजव्या टोकाला डोक्यावर पाटी घेतलेली एक मुलगी आहे, तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्यासुद्धा मोजता येतात. दुसऱ्या प्रतीत तिचा चेहराच कळत नाही. डावीकडचा मुकादम मात्र दोन्हींत तेवढाच ठसठशीत.

आमच्या धंद्यात याला रिग्रेशन म्हणतात. इनपुट तेच, आधी चालत होतं, आता चालत नाही, म्हणजे मधे कुणीतरी काहीतरी बदललंय.

भिंग घेऊन बसलो. इथे एक सुंदर युक्ती आहे, आणि ती जुन्या डार्करूमवाल्यांना पाठ असते. फिल्मवरचं चित्र चांदीच्या बारीक दाण्यांचं बनलेलं असतं, तोच तो ग्रेन. कॅमेऱ्याचा फोकस चुकला तर चित्र धूसर होतं, पण ग्रेन स्पष्टच राहतो, कारण तो फिल्मचा आहे, समोरच्या दृश्याचा नाही. पण ग्रेनही धूसर असेल, तर चूक फिल्मच्या नंतर झाली, म्हणजे एन्लार्जरमध्ये. १९८७च्या प्रतीत डावीकडे ग्रेन वाळूसारखा स्वच्छ आणि उजवीकडे नुसतं पीठ. कॅमेरा सुटला.

आणि आजोबांचे डोळेही! फोकस डोळ्यांमुळे चुकला असता तर सगळा फोटो सारखाच मऊ आला असता. चाळिशी फक्त उजव्या बाजूला लागत नाही. शिवाय १९८७ नंतरच्या उभ्या फोटोंत हाच पट्टा वरच्या किंवा खालच्या कडेला आहे. साहजिकच आहे, उभा फोटो एन्लार्जरमध्ये आडवाच पडतो. अल्बममध्ये मागे मागे जात राहिलो. १९८६च्या गणपतीचे फोटो ठणठणीत, जानेवारी १९८७पासूनचे सगळे बिघडलेले.

आजोबांना विचारलं, मधे काय झालं? ते बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, "लेन्सला बुरशी धरली होती. दिवाळीत साफ करून आणली होती एकाकडून."

माळ्यावरून एन्लार्जर उतरवला. लेन्स ५० मिमीची, जुनी जपानी. काळ्या फिल्मच्या तुकड्यावर सुईने रेघा मारल्या आणि त्या फळीवर पाडल्या. डावीकडे रेघा धारदार, उजवीकडे लोकरीसारख्या. आता संशयित तीन. निगेटिव्हची चौकट, खांबाचा तिरकेपणा किंवा लेन्स. फिल्म उलटीपालटी करून पाहिली, धूसर बाजू उजवीकडेच. पाणसळ लावली, फळी आणि चौकट समांतर. मग लेन्स आट्यांवर अर्धा फेरा सैल केली, पुन्हा फोकस केलं, आणि धूसर बाजू डावीकडे गेली. ती लेन्सबरोबर फिरत होती, म्हणजे दोष लेन्सच्याच पोटात.

आता थोडं विषयांतर, पण हा माणूस सांगण्यासारखा आहे. विल्यम हाइड वोलास्टन हा इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ. पॅलॅडियम आणि ऱ्होडियम हे धातू त्याने शोधले. चित्र काढायला मदत करणाऱ्या 'कॅमेरा ल्युसिडा'चं पेटंटही त्याचंच, १८०६ सालचं. (१८३३ साली इटलीत कोमो सरोवराकाठी हेच यंत्र वापरून चित्र जमेना, म्हणून वैतागलेल्या टॅल्बटच्या डोक्यात फोटोग्राफीचा किडा शिरला, तो वेगळा किस्सा.) तर या वोलास्टनकडे तीन काचांचं भिंग असलेली दुर्बीण होती. तीन काचांचे मध्य एका रेषेत नसतील तर प्रतिमा बिघडते, पण रेषेत आहेत की नाहीत हे कळणार कसं? १८२२ साली त्याने रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात उपाय छापला. मेणबत्ती घ्या आणि भिंगात बघा. काचेचा प्रत्येक पृष्ठभाग थोडासा आरसा असतो, त्यामुळे ज्योतीची प्रतिबिंबं अनेक दिसतात. काचा नीट बसल्या असतील तर ती सगळी एका रेषेत येतात, नसतील तर विखुरतात. काचा थोड्याथोड्या सरकवत राहा, प्रतिबिंबं रांगेत येईपर्यंत. बस्स! आत काय बिघडलंय ते न उघडता कळतं.

मी लेन्स घेऊन मुंबईला फोर्टात गेलो. कॅमेरे दुरुस्त करणारी जुनी माणसं तिथे अजून थोडीफार आहेत. एका अंधाऱ्या पोटमाळ्यावर एक चाचा बसतात. त्यांना मी रेघा, पाणसळ, अर्धा फेरा वगैरे सगळं सांगायला घेतलं. त्यांनी ऐकलंच नाही. लेन्सचा पडदा पूर्ण उघडला, ती टेबलावरच्या बारक्या बल्बखाली धरली आणि हळूहळू कलती केली. काचांच्या आत प्रकाशाचे ठिपके चमकले. अशा लेन्समध्ये सहा काचा, त्यातल्या दोन-दोन एकमेकींना चिकटवलेल्या. म्हणजे हवेला लागलेले पृष्ठभाग आठ, आणि ठळक ठिपकेही आठ.

"देखो, दो दाने बाहर."

सहा एका रेषेत, दोन बाजूला सटकलेले. एका सुट्या काचेला पृष्ठभाग दोनच असतात. ती काच सगळ्यात मागची निघाली. चाचांना वोलास्टन माहीत असायचं काही कारण नाही, त्यांना हे त्यांच्या उस्तादाने शिकवलेलं. एका मिनिटात निदान झालं. माझे दोन वीकेंड गेले होते :)

दोन टोकांच्या पान्याने मागची कडी उघडली. तिच्या खाचांवर आधीच ओरखडे होते, म्हणजे कुणीतरी अगोदर उघडली होती. काचेच्या बैठकीत एका बाजूला काळ्या रंगाचा पापुद्रा अडकलेला होता, नखाच्या टोकाएवढाही नसेल. त्यावर काच तिरकी टेकली आणि वरून कडी आवळली गेली. एवढंच. काच बसलेली नव्हती, अडकलेली होती. चाचांनी बैठक पुसली, काच आपल्या वजनाने खाली उतरू दिली, टकटक केली, कडी हलक्या हाताने फिरवली, परत बल्बखाली धरली. आठही ठिपके रांगेत.

(हसू नका. १९९० साली आकाशात सोडलेल्या हबल दुर्बिणीचा मुख्य आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट घासला गेला होता. कारण, तो तपासायच्या उपकरणातली एक लेन्स १.३ मिलीमीटर जागा सोडून बसली होती. दुसऱ्या चाचण्यांत गडबड दिसली होती, पण भरवसा त्या एकाच उपकरणावर ठेवला गेला. दुरुस्तीला डिसेंबर १९९३मध्ये अंतराळवीर पाठवावे लागले.)

बुरशीचा एक जुना डाग मात्र गेला नाही, तिथे काचेवरचा लेपच खाल्ला गेलाय. चाचा म्हणाले राहू दे, फोटोत दिसणार नाही, आणि नाही दिसत. दमट हवेत काचेवर बुरशी वाढते हे आपल्याकडे प्रत्येक पावसाळ्यात कळतं. पण दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलात सैन्याच्या दुर्बिणी अशाच आंधळ्या व्हायला लागल्या, तेव्हा ऑस्ट्रेलियात शास्त्रज्ञांना या एका प्रश्नावर बसवावं लागलं होतं. दोन्ही बाजूंच्या तोफा चालू आणि इकडे माणसं बुरशी मोजतायत! आमच्याकडे आता लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असते.

"स्कॅन कर ना सरळ" असं मित्र म्हणतात. करणारच आहे. पण आधी ती दहिवडीची निगेटिव्ह आजोबांच्या समोर, त्यांच्याच न्हाणीघरात, त्यांच्याच लेन्सने छापायची होती. तेव्हाचा ऊटीचा 'इंदू' कागद आता मिळत नाही, कारखानाच बंद पडलाय, म्हणून परदेशी कागद आणला. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये चित्र वर यायला लागलं. लाल दिव्यात आजोबा वाकून उजव्या कोपऱ्याकडेच बघत होते. पाटी, हात, बांगड्या, मग चेहरा.

मी सांगितलं, आजोबा, डोळे तुमचे कधीच दोषी नव्हते. दिवाळीत साफ करून आणलेली लेन्स तिरकी बसली होती.

ते काही बोलले नाहीत. प्रत हायपोत टाकली, हात पुसले, चष्मा काढून बघितला, परत घातला. मग बाहेर आजीला हाक मारून म्हणाले, "अगं, ते दुसऱ्या डब्यातले रोल कुठे ठेवलेत? ८८ सालचे."