सोळा आण्यांची माती : इंदापूरची प्रतबंदी, १८३६

१/ पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, भीमा आणि नीरा या नद्यांच्या दरम्यान इंदापूर तालुका वसला आहे. कधीकाळी भोसल्यांच्या जहागिरीत असलेला हा मुलूख पर्जन्यछायेतला. १८३६ साली येथे मातीचे मोल आण्यांत ठरवणारी एक पद्धत अमलात आली आणि पुढे ती मुंबई इलाख्यात दूरवर पसरली. त्या पद्धतीचा हा धागा.

२/ १८१८ मध्ये पेशवाई संपली. कोणत्या शेतावर किती सारा बसवावा, हा प्रश्न कंपनी सरकारपुढे उभा राहिला. रॉबर्ट कीथ प्रिंगल या मुलकी अधिकाऱ्याने त्याचे उत्तर तत्कालीन अर्थशास्त्रात शोधले. उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करावा आणि जे उरेल त्याचे ५५ टक्के सरकारने घ्यावे, हे त्याचे सूत्र.

३/ कागदावर हिशेब नेटका होता. परंतु प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न आणि खर्च अचूक काढणे कोणालाच साधणारे नव्हते. कनिष्ठ नोकरांनी भरलेले आकडे अविश्वसनीय निघाले. त्यातच धान्याचे भाव कोसळले. वसुलीसाठी रयतेचा छळ झाला, कुटुंबे शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेली आणि शेते पडीक राहिली.

४/ हा विस्कटलेला तालुका सावरण्याचे काम मुलकी सेवेतील एच. ई. गोल्डस्मिड आणि लष्करी अभियंता जॉर्ज विंगेट यांच्याकडे आले. त्यांनी मूळ प्रश्नच बदलला. ‘हे शेत किती पिकवते?’ असे न विचारता त्यांनी विचारले, ‘शेजारच्या शेताच्या तुलनेत हे शेत किती उजवे वा डावे?’ या तुलनेचे नाव प्रतबंदी.

५/ शेताचे सारखे भाग पाडून प्रत्येक भागातली माती तपासली जाई. रंग, पोत आणि खोली या तिन्ही गोष्टी डोळ्यांनी व हातांनी कळणाऱ्या होत्या. काळी ते गडद तपकिरी, बारीक पोताची माती पहिल्या वर्गात. बहुधा तांबूस व किंचित जाडसर माती दुसऱ्या वर्गात. मुरमाड, भुसभुशीत, करड्या रंगाची माती तिसऱ्या वर्गात जाई.

६/ त्यानंतर खोली. पावणेदोन हात, म्हणजे सुमारे ८० सेंटिमीटर खोल काळी माती सोळा आण्यांची. सव्वा हात खोल असेल तर बारा आणे, एक हात असेल तर दहा. तेवढीच एक हात खोल मुरमाड माती मात्र सहाच आण्यांची. एकूण प्रती नऊ. शेवटची दोन आण्यांची.

७/ शिवाय दोष पाहिले जात : चुनखडीचे खडे, वाळूचे मिश्रण, उतार, पाझराचा अतिरेक, पाण्याच्या लोंढ्याखाली जाण्याचा धोका. एका दोषाने एक प्रत उतरे. बारा आण्यांच्या जमिनीत चुनखडी सापडली की ती दहा आण्यांवर येई. त्यात उतारही असला तर आठ आण्यांवर.

८/ खोलीला एवढे महत्त्व का? या भागात पाऊस थोडा आणि लहरी. खोल काळी माती पावसाचे पाणी धरून ठेवते आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी तरते. उथळ मुरमाड रानात ओल टिकत नाही. तेथे खरिपाची बाजरी पुढच्या सरीची वाट पाहत उभी असते. माती मोजणे म्हणजे एका अर्थी साठलेली ओल मोजणेच होते.

९/ परंतु आण्यांवरून केवळ क्रम ठरे. साऱ्याचा दर नव्हे. दर ठरवताना हवामान, बाजारपेठेचे अंतर आणि मागील वसुलीचा इतिहास पाहिला जाई, आणि तो निर्णय अधिकाऱ्यांच्या हाती असे. १८३६ मध्ये हे दर सौम्य ठेवले गेले आणि तीस वर्षांसाठी कायम केले गेले. पडीक राने पुन्हा नांगराखाली आली.

१०/ तीस वर्षांची मुदत संपली तेव्हा रेल्वे आली होती आणि अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाचे भाव चढून गेले होते. या तेजीकडे पाहून सारा मोठ्या प्रमाणात वाढवण्यात आला. तेजी ओसरली, वाढ राहिली. अखेर १८७४ मध्ये सरकारने वाढीला मर्यादा घातली : तालुक्याला ३३, गावाला ६६ आणि एका खातेदाराला १०० टक्के.

११/ तोवर उशीर झाला होता. १२ मे १८७५ रोजी शेजारच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला, कर्जरोखे जाळले गेले आणि दंग्यांचे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. कारणे अनेक होती. वाढलेला सारा त्यांपैकी एक. तीस वर्षांत माती बदलली नव्हती, तिच्यावरची मागणी बदलली होती.

१२/ मातीचा क्रमही शाश्वत नव्हता. पुढे नीरेच्या खोऱ्यात कालवे आले, ऊस आला. पावसावर सोळा आणे ठरलेल्या खोल काळ्या मातीत कालव्याचे पाणी मुरत राहिले, निचरा होईना आणि काही राने खारावून चोपण झाली. ओल धरून ठेवण्याचा जो गुण कोरडवाहू शेतीत वरदान होता, तोच बागायतीत दोष ठरला.

१३/ सातबारा उताऱ्यावर ‘आकारणी’चा रकाना आजही आहे आणि त्यातील रक्कम सहसा क्षुल्लक असते. त्या रकमेमागे मात्र कोणीतरी शेतात उकरलेला खड्डा, हाताने मापलेली खोली आणि बोटांनी चुरून पाहिलेले ढेकूळ आहे. मातीची प्रत शेतात ठरत असे; रयतेचे नशीब कचेरीत.