शाळेचे तालवाद्य पथक: नवशिक्या मुलांनी सुरुवात कशी करावी?

अनेक मुलांनी वेगवेगळी तालवाद्ये एकाच लयीत वाजवणे म्हणजे तालवाद्य पथक. महाराष्ट्रातल्या शाळांमधले त्याचे सर्वात ओळखीचे रूप म्हणजे लेझीम. ढोल, ताशा, हलगी आणि झांज यांचीही पथके असतात. बीड जिल्ह्यातल्या केजसारख्या तालुक्यात 15 ऑगस्ट, 17 सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आणि 26 जानेवारी हे अशा पथकांचे हक्काचे दिवस. मात्र संगीत शिक्षक नसलेल्या शाळेत प्रश्न पडतो, सुरुवात कुठून करायची?

वाद्ये कोणती?

वाद्ये बहुतेक वेळा गावातच सापडतात. भजनी मंडळाकडे टाळ आणि पखवाज असतात, गोंधळ्यांकडे संबळ असते. शाळेच्या कपाटात जुन्या लेझमी निघू शकतात. पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी कणीक लावतात, त्यामुळे आवाज खोल येतो. हलगी म्हणजे कड्यावर ताणलेले कातडे. दमट हवेत ते सैल पडते, म्हणून वाजवण्याआधी हलगी शेकतात. हे काम मोठ्या माणसानेच करावे. हल्ली कृत्रिम पानाच्या हलग्याही मिळतात, त्या शेकाव्या लागत नाहीत.

आधी वाद्य की आधी बोल?

आधी बोल. आपल्याकडे ताल तोंडाने म्हणून शिकण्याची जुनी पद्धत आहे, तिला पढंत म्हणतात. सुरुवातीला केरवा सोपा. त्याच्या 8 मात्रा अशा: धा गे ना ती । न क धी ना. पहिल्या मात्रेला सम म्हणतात, पाचवीवर खाली येते. मुलांनी समेवर टाळी द्यावी, खालीला हात मोकळा सोडावा. भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंद काट्याबरोबर, म्हणजे मिनिटाला 60 मात्रा, या गतीने म्हणावे. सगळ्यांचे एकत्र जमले की मगच वाद्य हातात द्यावे.

पहिली रचना कशी असावी?

8 मात्रांची एक साधी रचना अशी बसवता येते:

- ढोल: 1 वर मोठा ठोका, 5 वर हलका
- टाळ: 1, 3, 5, 7
- लेझीम: प्रत्येक मात्रेला
- हलगी: 3-4 आणि 7-8

आधी एकटा ढोल चार आवर्तने वाजेल. मग दर चार आवर्तनांनी टाळ, लेझीम आणि हलगी या क्रमाने एकेक गट येईल. शेवटी तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर थांबणे. इथे सर्वांनी मिळून मात्रा 3, मात्रा 6 आणि पुढची सम असे तीन ठोके द्यायचे. एवढ्यावर दोन-तीन मिनिटांचे सादरीकरण उभे राहते. 6 मात्रांचा दादरा (धा धी ना । धा ती ना) ही त्यानंतरची पायरी.

लय सुटणाऱ्या मुलाचे काय?

त्याला पथकातून काढण्याची गरज नसते. असे मूल ढोलाशेजारी उभे करून फक्त सम द्यायला सांगावी. चालत, पाय टाकत मोजले की अनेकांना लय लवकर सापडते. लेझीम इथे उपयोगी पडते, कारण तिच्यात ठोका आणि पाऊल सोबतच असतात.

सगळ्यात सामान्य चूक कोणती?

घाई. उत्साहात मुले वेग वाढवत जातात आणि आवाजही. दोन्हींवर उपाय एकच: अधूनमधून अगदी हळू आवाजात वाजवायला लावणे. एकमेकांचे वाद्य ऐकू येत नसेल तर आवाज जास्त आहे असे समजावे. 85 डेसिबलपेक्षा मोठा आवाज दीर्घकाळ कानावर पडला तर ऐकण्याच्या क्षमतेला धोका असतो. म्हणून सराव मोकळ्या मैदानात आणि थोडा वेळ घ्यावा, ताशा-हलगीजवळच्या मुलांनी कानात बोळे घालावेत.

शिकवणार कोण?

गावातले वादकच उत्तम गुरू ठरू शकतात. पण इथे एक इतिहास लक्षात ठेवावा लागतो. गावगाड्यात हलगी वाजवणे हे प्रामुख्याने मातंग आणि महार समाजांवर जातीने सोपवलेले काम होते. वाजवणाऱ्याची कला सगळ्यांना हवी असे, मान मात्र मिळत नसे. आंबेडकरी चळवळीच्या प्रभावाने अनेकांनी अशी गावकामे सोडली. त्यामुळे शाळेने हलगीवादकाला बोलवावे ते शिक्षक म्हणून. त्याला मानधन द्यावे आणि मुलांनी ‘सर’ म्हणावे. हलगी कोणत्या मुलाने घ्यायची हे आडनावावरून ठरू नये. वाद्ये दर आठवड्याला आळीपाळीने बदलली, मुलींच्या हातीही ढोल आणि हलगी दिली, की प्रत्येकाला प्रत्येक वाद्य कळते आणि कोणतेच वाद्य कुणा एकाचे उरत नाही.