हळदीचा डाग

दिवाळीनंतर सुरगाण्याला एका शिक्षकमित्राकडे दोन दिवस मुक्काम होता. पहिल्याच रात्री नागलीच्या भाकरीबरोबरची आमटी माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर सांडली. मित्राच्या आईने साबण लावला, तर डाग आणखी लाल दिसू लागला. त्या म्हणाल्या, "राहू दे बाबा, उद्या उन्हात टाकते. हळद उन्हापुढं टिकत नाही."

मित्राकडे नोटा तपासायचा छोटा जांभळा दिवा होता, वर्गात दाखवण्यासाठी आणलेला. कुर्ता वाळल्यावर त्याने सहज त्या दिव्याखाली धरला. डाग हिरवट पिवळा चमकू लागला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उन्हाने डाग नेला आणि त्याबरोबर चमकही गेली.

"यावरच बोल मुलांपुढे," मित्र म्हणाला. "तुमच्या इब्न अल-हैसमपासून सुरुवात कर."

मी नको म्हटले. बसऱ्यात जन्मलेल्या या विद्वानाने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला 'किताब अल-मनाझिर' लिहिली. सूर्याकडे पाहिल्यावर डोळा दुखतो, म्हणजे प्रकाश डोळ्यावर काहीतरी करतो, हा त्याचा युक्तिवाद. तो मोठाच आहे. पण प्रकाश पिऊन दुसऱ्या रंगात चमकणे हा त्या ग्रंथाचा विषय नव्हे. प्रत्येक शोधाच्या दारावर आपल्या एखाद्या विद्वानाची पाटी ठोकायची आपल्याकडे फार घाई असते. त्यात त्याने खरोखर काय केले ते वाचायचेच राहून जाते.

मी सुरुवात केली ती झाडापासून. आपल्या पानझडी जंगलांत बिबळा असतो, साल कापली की लाल डिंक गाळणारा. त्याच्या लाकडाचा पेला करून त्यात रात्रभर पाणी ठेवतात आणि मधुमेहावर पितात. (माझी अम्मीही प्यायची. गोळ्या सोडू नकोस, एवढेच आम्ही सांगायचो.) हे पाणी उजेडात धरले की त्यावर निळसर झाक दिसते. मेक्सिकोतल्या अशाच एका लाकडाबद्दल सेव्हिलचा वैद्य निकोलास मोनार्देस याने १५६५ मध्ये लिहिले. तो स्वतः कधी अमेरिकेत गेला नव्हता. त्याच शतकात तिथल्या नाहुआ जाणकारांकडून ऐकून साहागुन या पाद्र्याने लाकडाचे स्थानिक नाव 'कोआत्ली' नोंदवले. इंग्लंडच्या स्टोक्सने १८५२ मध्ये या चमकेला फ्लुओरसन्स असे नाव दिले. लाकडाच्या पाण्यातला नेमका निळा पदार्थ मात्र २००९ मध्ये कळला आणि नाहुआ भाषेतल्या निळ्यासाठीच्या शब्दावरून त्याला 'मॅटलालिन' म्हटले गेले.

जिवंत पेशीत अशी चमक आणणारे प्रथिन समुद्रातून आले. ओसामू शिमोमुरा सोळा वर्षांचा असताना, ९ ऑगस्ट १९४५ ला, नागासाकीपासून काही अंतरावरच्या इसाहायात होता. बॉम्बच्या झोताने त्याचे डोळे काही क्षण दिपले. हाच माणूस १९६१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, फ्रायडे हार्बरला, हजारो जेलीफिश जमवून त्यांच्या कडा कापत बसला. शोधत होता निळा उजेड देणारे प्रथिन, ते मिळाले. सोबत थोडेसे हिरवे प्रथिनही मिळाले. १९६२ च्या लेखात त्याला जागा मिळाली ती तळटीपेपुरती.

या हिरव्या प्रथिनाची रचना १९९६ मध्ये उलगडली. अकरा पट्ट्यांची विणलेली कणगीच म्हणा, आणि रंग देणारा भाग आत मधोमध, दाण्यासारखा जपलेला. हळदीला अशी कणगी नाही. पण कणगीतला दाणाही कायमचा नसतो. तो प्रकाश घेतो, दुसऱ्या रंगात सोडतो, पुन्हा मूळ जागी येतो. अशा हजारो फेऱ्यांत कधीतरी घसरतो, मोडतो आणि मग चमकत नाही. संशोधकाची पंचाईत इथेच आहे. पेशीत काय चालले आहे ते नीट दिसावे म्हणून दिवा वाढवावा, तर प्रथिन लवकर विझते आणि पेशीलाही इजा होते.

म्हणून पुढची बरीच मेहनत टिकाऊपणावर झाली. रॉजर त्सिएनने १९९५ मध्ये प्रथिनातले एकच अमिनो आम्ल बदलले, तेवढ्याने ते अधिक तेजस्वी झाले आणि टिकूही लागले. २००८ मध्ये त्याच्या गटाने जे केले ते मला फार आवडते. जिवाणूंच्या वसाहती प्रखर दिव्याखाली ठेवल्या आणि शेवटपर्यंत चमकत राहिलेल्या तेवढ्या निवडल्या. रंगारी कापड उन्हात टाकून रंग पारखतो, तसेच. त्यातून निघालेले एक नारिंगी प्रथिन आधीच्यापेक्षा पंचवीसपट टिकले. २०२२ मध्ये जपानच्या मियावाकींच्या गटाने दुसऱ्याच एका जेलीफिशमधून 'स्टेगोल्ड' काढले. ते तोवरच्या प्रथिनांपेक्षा दहापटीहून अधिक तग धरते.

मधला एक माणूस मात्र मला सोडवत नाही. हिरव्या प्रथिनाचे जनुक १९९२ मध्ये वेगळे केले डग्लस प्रॅशरने. पुढच्या कामाला पैसे मिळेनात, तेव्हा त्याने ते जनुक मार्टिन चाल्फी आणि त्सिएन यांना देऊन टाकले. चाल्फीने १९९४ मध्ये ते जिवाणूत आणि कृमीत चमकवून दाखवले. २००८ चे नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना मिळाले. प्रॅशर तेव्हा अलाबामातल्या एका मोटारविक्रेत्याकडे ग्राहकांची ने-आण करणारी गाडी चालवत होता. चाल्फी आणि त्सिएन यांनी त्याला स्वखर्चाने स्टॉकहोमला नेले आणि पुढे काही वर्षे त्याने त्सिएनच्या प्रयोगशाळेत कामही केले. नोबेल तिघांहून जास्त जणांत वाटता येत नाही हा नियम मला माहीत आहे. तरी वर्गात मी त्याचे नाव फळ्यावर सर्वांत वर लिहिले, साहागुनला माहिती देणाऱ्यांसाठी त्याखाली एक ओळ रिकामी सोडली आणि मुलांना कारण सांगितले.

घरी परतल्यावर मीही तसाच एक दिवा घेतला. कुर्त्याची छाती स्वच्छ आहे. खिशाच्या आतल्या शिवणीत, जिथे ऊन पोचलेच नाही, तिथे हिरवट पिवळी रेघ अजून चमकते.