विश्रांतीचा अर्धा तास

जितके जोर-बैठका जास्त, तितकी ताकद जास्त, असं आपण समजतो. १९५२ चं हेलसिंकी ऑलिंपिक आठवा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव जपानच्या शोहाची इशीशी दीर्घ कुस्ती खेळले आणि लगेच त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मामादबेयोव्हसमोर उभं केलं. मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. पण तो मागायला भारतीय अधिकारी जागेवर नव्हता. खाशाबा हरले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक कांस्य ठरलं. ताकद गेली नव्हती, थकव्याखाली दबली होती.

तालमीतही हेच घडतं. मेहनतीनं स्नायूंना चालना मिळते. ते भरतात खुराक आणि झोपेमुळे. म्हणून भनपुरीच्या कारखान्यात रात्रपाळी करून आलात, तर त्या दिवशी सेट निम्मे करा.