सौंदर्यभयकथा

सौंदर्यभयकथा : रूप, तारुण्य आणि निरोगीपणा विकणाऱ्या धंद्यावर टीका करणारी भयकथा. तिच्यात भूत क्वचितच असते. भीती असते ती सौद्यातल्या अटीची. गिऱ्हाईक स्वतःच पैसे मोजते, स्वतःच सुई टोचून घेते. विकणारा बहुधा सुखरूप राहतो.

नथॅनिएल हॉथॉर्नच्या ‘द बर्थ-मार्क’ (१८४३) या कथेत शास्त्रज्ञ नवरा बायकोच्या गालावरचा जन्मापासूनचा डाग घालवायला निघतो. डाग फिका पडतो आणि ती मरते. इथे दुकान नाही; पण निरोगी चेहऱ्यातही दोष शोधण्याची जी खोड पुढे बाजाराने जोपासली, ती इथे पुरती दिसते. जपानी चित्रकथाकार क्योको ओकाझाकी यांच्या ‘हेल्टर स्केल्टर’मध्ये (१९९५-९६) शस्त्रक्रियांनी घडवलेली मॉडेल हळूहळू उसवत जाते. हाँगकाँगच्या फ्रुट चॅन यांच्या ‘डंपलिंग्ज’ (२००४) या चित्रपटात तारुण्यासाठी जे खाल्ले जाते, ते कोशात लिहिणेही जड जाते. कोराली फार्झा यांच्या ‘द सबस्टन्स’ने (२०२४) हा प्रकार सर्वतोमुखी केला. पन्नाशीला टीव्हीवरून काढलेली तारका काळ्याबाजारातले औषध घेते, तिच्याच देहातून तरुण प्रतिरूप निघते आणि दोघींनी सात-सात दिवस वाटून घ्यायचे ठरते. कानमध्ये या चित्रपटाला पटकथेचा पुरस्कार मिळाला.

मराठी वाचकाला हे कथानक परके नाही. महाभारतातला ययाती पुरूचे तारुण्य मागून घेतो, वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ (१९५९) या कादंबरीने तो घरोघरी पोचवला. त्याउलट च्यवन ऋषींना अश्विनीकुमारांकडून तारुण्य मिळते आणि गोष्ट गोडीने संपते. टॉनिकच्या डब्यावर च्यवनाचे नाव आहे, ययातीचे नाही, यातच जाहिरातीचे सारे शहाणपण आले.

मराठी भयकथा नारायण धारप (१९२५-२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांनी रुजवली. वाडे, अमानवी शक्ती, माणसाच्या मनातली विकृती हा तिचा मुख्य मुलूख. ब्यूटी पार्लरची पायरी ती फारशी चढली नाही. ही उणीवच म्हणावी लागेल, कारण मालमसाला जवळच आहे. गोरेपणाचे क्रीम कित्येक दशकांपासून भारतीय बाजारात आहे. अकोल्यातील एका घरातल्या आई आणि दोन मुलींना क्रीम वापरल्यानंतर मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे २०२३ मध्ये उघड झाले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. पारा त्वचेतील रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. तोच त्वचेतून रक्तात शिरून मूत्रपिंडात साठतो. म्हणजे जो गुण दिसतो, त्याचेच विष होते. एवढे चोख कथानक लेखकाला सहसा सुचत नाही.

कायद्याला मात्र हे विष ठाऊक आहे : सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतरांत नकळत आलेला पाराही दशलक्षात एका भागापेक्षा अधिक चालत नाही.